पडद्यामागची चटई

आमच्या बिल्डिंगमध्ये त्या माणसाबद्दल एकच मत आहे, आणि ते वाईट आहे. बायको गेली त्या संध्याकाळी हा माणूस पोरांना घेऊन पिक्चरला गेला, असं सांगतात. नव्याने राहायला येणाऱ्यांनाही सांगतात. पाणी कधी येतं, कचरेवाला कधी येतो, आणि हे. सांगतात त्यात खोटं काही नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

मी त्यांना भावजी म्हणायचे. त्यांची बायको माझी मैत्रीण. जोगेश्वरीला पूर्वेकडे, गुंफेच्या रस्त्यावरून आत वळलं की आमची तीन मजली बिल्डिंग लागते. दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि भावजींचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. दिवसभर अंधेरी-वांद्र्याच्या टॉवरांमध्ये लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचे, पण स्वतः कधी लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. माझ्या नणंदेच्या नव्या घराच्या पूजेला अकरा मजले जिन्याने चढून आले होते. दारात उभं राहून घाम पुसला आणि नणंदेला म्हणाले, "लिफ्ट चांगली आहे तुमची. मीच बघतो ती." तेव्हापासून नणंदही जिन्यानेच जायला लागली.

पेपर ते आदल्या दिवसाचा वाचायचे. आमच्याकडचा, आमचा वाचून झाल्यावर. मी म्हणायचे, आजचा न्या ना, सकाळी कोणी वाचत नाही. तर म्हणायचे, "नको वहिनी. कालचा वाचला की त्यातून आपण सुटलोय, एवढं तरी नक्की असतं."

वाईट बातमी सांगायची त्यांची एक पद्धत होती. माझे वडील गावाला अंगणात पडले, तेव्हा माझा फोन लॅबच्या कपाटात होता. अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त घेते, कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत. भावाने मग भावजींना फोन केला. मी घरी आले तर हे आमच्या बाहेरच्या खोलीत बसलेले. म्हणाले, "वहिनी, आधी जेवा."

"का? काय झालं?"

"काही नाही. जेवून घ्या."

चेहऱ्यावर काही दिसेना म्हणून मी आमटीभात वाढून घेतला. मी जेवेपर्यंत हे गप्प बसून. हात धुवून आले तेव्हा म्हणाले, "बाबा पडलेत. मांडीचं हाड मोडलंय. शुद्धीवर आहेत. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलंय." मी त्यांना वाटेल तसं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यानंतर मला पोटभर जेवण मिळालं ते तिसऱ्या दिवशी, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांची बायको हसायची. "ह्यांना वाटतं, वाईट बातमी म्हणजे पाहुणा. थोडा वेळ दारात उभा राहिला तर काय बिघडतं."

मे महिन्यात दर शनिवारी पालिकेच्या शाळेच्या मैदानात मंडळाची पोरं लहान मुलांसाठी पिक्चर लावायची. दोन बांबूंमध्ये पांढरं कापड, टेबलावर प्रोजेक्टर, गणपतीतले स्पीकर. सुट्टीत गावाला न गेलेली मुलं घरात उकाड्याने आणि भांडणांनी वैतागलेली असायची, आणि आम्ही आया त्यांच्याहून वैतागलेल्या. बिल्डिंगमधली सगळी पोरं भावजींच्या ताब्यात द्यायची, हे कधी ठरलं कोणास ठाऊक. नुकती चालायला लागलेलीसुद्धा. निघण्याआधी जिन्यात त्यांचा आवाज यायचा, "टाक्या रिकाम्या करा रे." सगळी पोरं आपापल्या घरी पळायची. मग प्रत्येकाच्या हातावर बॉलपेनने घरचा फोन नंबर, मानेला डासांचं मलम, आणि चुरमुऱ्यांचा डबा कोणी धरायचा यावरून मारामारी. सगळ्यात पुढे त्यांची सई, हातात कोकम सरबताची बाटली. सगळ्यात मागे ते, डाव्या कडेवर धाकटा ओम, उजव्या खांद्यावर गुंडाळलेली चटई.

चटई ते पडद्याच्या मागच्या बाजूला टाकायचे. पुढे गर्दी, धक्काबुक्की, मागे कोणी नाही आणि शाळेच्या भिंतीवरून वारा यायचा. पिक्चर मागूनही दिसतो, फक्त उलटा. अक्षरं उलटी, सगळे डावखुरे. आमच्या पोरांना तेच सरळ वाटायचं. माझा मुलगा पुढे एकदा मामेभावांबरोबर पुढच्या बाजूला बसला, तर घरी येऊन रडला की पिक्चर चुकीचा लावला होता.

मागे बसण्याचा आणखी एक फायदा होता. पडद्यावर राक्षस आला आणि एखादं पोर घाबरून तोंड लपवायला लागलं की भावजी उठायचे, कापडाची कड धरून हलवायचे. राक्षसाचं तोंड लाटेसारखं वाकडंतिकडं व्हायचं. "बघ, कापड आहे," म्हणायचे. पोरं खिदळायची. पुढून लोक ओरडायचे, "ए, कोण आहे रे मागे?" हे परत येऊन चटईवर बसायचे, चेहरा इस्त्री केल्यासारखा.

दिवाळीत त्यांची बायको आजारी पडली. फराळाला बसलो असताना म्हणाली, चकली गिळवत नाही गं. संक्रांतीपर्यंत ती निम्मी झाली होती. पार्ल्याच्या हॉस्पिटलमध्ये नेणं-आणणं सुरू झालं, मग आणणं बंद झालं. तिची आई कणकवलीहून आली, भाऊ आला. पोरांना भावजींनी सांगितलं होतं, आई दुरुस्तीला गेली आहे. सई तेव्हा सात वर्षांची होती. तिने एकदा माझ्यासमोर विचारलं, "पप्पा, पार्ट मिळत नाही का?"

ते म्हणाले, "मागवलाय."

पोरांना त्यांनी शेवटी शेवटी हॉस्पिटलमध्ये नेलं नाही. नळ्या बघून ओम घाबरला होता, आणि त्यांच्या आईनेच सांगितलं होतं की आता आणू नका. मी भेटायला जायचे तेव्हा ती माझ्याकडे पोरांचं काहीबाही विचारायची. ओमला भात कोण भरवतं, सईच्या वेण्या कोण घालतं. शनिवारच्या पिक्चरला गेली होती का, हेही. मी हो म्हटलं की डोळे मिटून घ्यायची. बरं वाटल्यासारखी.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी दुपारी फोन आला. मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली फाटकाजवळ भावजी कानाला फोन लावून उभे होते, आणि फोन संपल्यावरही तो कानालाच होता. मी खाली धावले. म्हणाले, "गेली." मग म्हणाले, "पोरांना तुमच्याकडे बसवा. मी जाऊन येतो."

रिक्षाने गेले. परत आले तेव्हा उन्हं उतरली होती. मला वाटलं, आता पोरांना घेऊन जातील. ते बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवून आले आणि चुरमुऱ्यांचा डबा काढला.

"भावजी, काय करताय?"

"पिक्चर आहे ना आज."

मी म्हटलं, "अहो, आई गेली त्यांची."

"हो. तिला बघून आलो मी." डब्यात चुरमुरे ओतत होते, हात अगदी स्थिर. "तिचे काका सकाळी गावाहून येणार, तोवर तिला तिथेच ठेवणार आहेत. तिच्याजवळ आई आहे, भाऊ आहे. आज रात्री तिच्यासाठी मला करण्यासारखं काही नाही वहिनी. उद्या सकाळी मी ह्यांना सांगणार. एकदा सांगितलं की मग ते कायमचं सांगितलेलं राहणार. आजची संध्याकाळ तरी असू दे त्यांच्याकडे."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नवऱ्याला सांगून त्यांच्याबरोबर निघाले, कारण त्यांना एकटं सोडायची मला भीती वाटली. जिन्यात त्यांनी नेहमीप्रमाणे हाक दिली. बिल्डिंगमध्ये अजून कोणालाच कळलं नव्हतं. पोरं आली, हात पुढे केले. नंबर लिहिताना मात्र त्यांना माझ्या मुलाच्या हातावर दोनदा खोडावं लागलं.

पिक्चर कोंबड्याचा होता. त्याला बदकांसारखं पोहायचं असतं आणि तो दरवेळी बुडतो. दुसरं काही नव्हतंच त्यात. कोंबडा टेकडीवरून धावत यायचा, तळ्यात उडी टाकायचा, गटांगळ्या खायचा आणि बदकं त्याला चोचीने ओढून बाहेर काढायची. पोरं लोळत होती. ओम हसता हसता बापाच्या पोटावर आडवा झाला. भावजींचा फोन खिशात सारखा पेटत होता. आवाज बंद केलेला, पण शर्टातून उजेड दिसायचा, विझायचा, परत दिसायचा.

सई मधेच वळून म्हणाली, "पप्पा, आईला हा कोंबडा सांगायचा आहे मला."

ते म्हणाले, "बघ आधी नीट. बघ."

"तुम्ही हसत का नाही?"

मग ते हसले. तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही आणि ऐकायची इच्छाही नाही.

तेवढ्यात पडद्यावर एक भलीमोठी सावली आली. पुढून लोक ओरडले, "ए भाई, बस ना खाली." सावली कोंबड्यावरून सरकत गेली आणि कडेने माणूस बाहेर आला. भावजींच्या बायकोचा भाऊ होता. तिला नेसवायला नवी साडी हवी म्हणून तो घरी आला होता. घराला कुलूप. माझ्या नवऱ्याने खरं ते सांगितलं.

तो चटईजवळ येऊन थांबला. त्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. "भावोजी," म्हणाला, "तुमका लाज वाटता काय? माझी भैण थंय हॉस्पिटलात..."

भावजी उठले आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. मारल्यासारखा नाही, झाकण ठेवावं तसा. हळू म्हणाले, "संपत आलाय. तुझ्या पाया पडतो. संपत आलाय."

ओमने मामाचा पाय धरला. "मामा, बघ ना, परत बुडला."

त्याने खाली भाच्याकडे बघितलं. पोराचं तोंड हसून हसून लाल झालेलं, गालाला चुरमुरा चिकटलेला. तो मटकन चटईच्या कडेला बसला, गुडघ्यांत डोकं घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

सई बघत होती. "मामा का रडतो?"

"डोळ्यात काहीतरी गेलं त्याच्या," भावजी म्हणाले.

तिने बापाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती पडद्याकडे वळली, आणि पुढच्या वेळी कोंबडा पाण्यात पडला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

सकाळी त्यांनी पोरांना उठवलं, दूध दिलं आणि सांगितलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. ओमला काही कळलं नाही. सई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "काल माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

ती उठून आत गेली आणि मला म्हणाली, "काकी, माझ्या वेण्या घाल."

पुढे सगळं भराभर झालं. तेराव्याच्या आधीच बिल्डिंगभर कळलं होतं. भावजींच्या सासूने त्यांच्याकडे बघणं टाकलं. एकदाच बोलली, लेकीबद्दल, सगळ्यांसमोर. "माझा चेडू थंय पडला होता आणि ह्यो हंय शिनेमा बघी होतो. पोरांका मी ह्या माणसाकडे ठेवचंय नाय." मला वाटलं, आता तरी काही बोलतील. बायकोला काय हवं होतं ते मला माहीत होतं, मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला नजरेनेच थांबवलं. म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. मी दिवसभर खड्ड्यात. पोरांना बघणार कोण?" पोरं आजीबरोबर कणकवलीला गेली. सुरुवातीला काही महिन्यांसाठी, मग शाळेत नाव घातलं, मग तिथलीच झाली.

हे दर महिन्याला जाऊन यायचे. ओम अंगाखांद्यावर खेळायचा. सई नमस्कार करायची, पाणी आणून द्यायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. पाहुण्याशी वागावं तशी.

पुढच्या मे महिन्यात जिन्यात हाक आली नाही. कोणी आपलं पोर त्यांच्याबरोबर पाठवणार नव्हतं, आणि त्यांना ते माहीत होतं. पण शनिवारी संध्याकाळी ते चटई घेऊन एकटेच गेले. माझ्या मुलाला मी त्यांच्याबरोबर पाठवायला निघाले तर माझ्या नवऱ्याने दार अडवलं. "लोक काय म्हणतील?" म्हणाला. मी भांडले. पण भावजी तोवर खाली उतरले होते. दोनेक वर्षांनी मंडळानेच पिक्चर बंद केले. पोरं फोनवर बघायला लागली होती, मैदानात गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या.

ह्या सगळ्या वर्षांत त्यांनी स्वतःची बाजू कोणाकडे मांडली नाही. फक्त मला अधूनमधून विचारायचे. पेपर परत करायला यायचे, दारात घुटमळायचे.

"वहिनी, सई हसली होती ना त्या दिवशी? शेवटी शेवटी?"

"हो भावजी. खूप हसली होती."

"मलाही तसंच आठवतं," म्हणायचे आणि जायचे. त्या एका गोष्टीवर ते जगत होते, हे मला दिसत होतं. बायको गेली, पोरं गेली, इज्जत गेली. पण पोरीला एक संध्याकाळ दिली, ती कोणी काढून घेऊ शकत नाही. मीही मनापासून हो म्हणायचे, कारण ते खरं होतं. ती हसली होती. मी कानांनी ऐकलं होतं.

मागच्या वर्षी सई कॉलेजसाठी मुंबईला आली. पार्ल्याला मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहते. भावजींनी पलंगावर नवी चादर घातली, पंखा पुसला, पण तिने घरी राहायचं मनावर घेतलं नाही. मग एका रविवारी ती स्वतःहून आली. बारीक, उंच, आईचीच ठेवण. मला म्हणाली, "काकी, तूही बस ना. मला एकटीला नाही जमणार."

मी चहा केला. भावजी खुर्चीच्या टोकावर बसले होते, मुलगी बघायला आल्यासारखे अवघडून. कॉलेजचं, मेसच्या जेवणाचं बोलून झालं. मग ती थेट म्हणाली, "पप्पा, त्या दिवशीचं बोलायचं आहे."

"बोल."

"मला तेव्हाच कळलं होतं. मामा येऊन रडला ना, तेव्हा. तुम्ही म्हणालात डोळ्यात काहीतरी गेलं. तुम्हाला त्या दिवशी नीट खोटं बोलता आलं नाही, म्हणून लगेच कळलं."

भावजींनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"तुमचं तोंड असं झालं होतं. मला वाटलं, मी हसले तर तुम्हाला बरं वाटेल. म्हणून हसले. आई मेली आहे हे मला माहीत होतं, आणि मी त्या कोंबड्याला हसत बसले. अजून मला आई आठवायला गेले की आधी तो कोंबडा येतो. तो गेल्याशिवाय आई येत नाही. कधी कधी येतच नाही."

मी भावजींकडे बघू शकले नाही. त्यांनी कप उचलला, त्यात चहा नव्हता, परत ठेवला.

"बरं झालं सांगितलंस," म्हणाले.

ती थांबली होती, त्यांच्याकडे बघत. अजून काहीतरी येईल म्हणून. ते उठले, कप गोळा केले आणि आत जाऊन धुवायला लागले. नळ चालूच राहिला. तिने सॅक उचलली, मला मिठी मारली आणि गेली.

महिनाभराने भावजी माझ्या दारात आले. पेपर नव्हता हातात. म्हणाले, "वहिनी, खोली सोडतोय. सुरतेकडे नव्या बिल्डिंगांची कामं आहेत, ठेकेदार बोलावतोय."

"सईला सांगितलंत?"

"तिला कशाला. तिच्या डोळ्यांसमोरून गेलेलं बरं." जिना उतरताना त्यांच्याजवळ एकच बॅग होती. पत्ता विचारला तर म्हणाले, पोचलो की कळवतो. कळवलं नाही.

परवा सईचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. ओमची दहावी, आजीचे गुडघे.

"काकी," म्हणाली, "मी त्या दिवशी त्यांच्यावर रागावून नव्हते आले. मला वाटलं होतं, मी बोलले की तेही बोलतील. मग आम्ही दोघं मिळून एकदा आईसाठी रडू. अजून रडलोच नाही गं आम्ही, एकत्र."

मी म्हटलं, "अगं, मग हेच त्यांना सांग ना."

"किती दिवस लावतेय," ती म्हणाली. "नंबर बंद येतो."